दुरुस्तीचा रकाना

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्यावर दुरुस्ती विभाग होता आणि त्या विभागात चौतीस वर्षं एकच गृहस्थ फाटकी पुस्तकं जोडत बसले होते. सहकारी त्यांना चिकटराव म्हणत. हे नाव आधी पाठीमागे घेतलं जाई, मग तोंडावर आलं, आणि निरोपसमारंभात खुद्द ग्रंथपालांनी भाषणात तेच वापरलं तेव्हा चिकटरावांनाही आपलं खरं नाव काहीसं परकं वाटू लागलं.

विभागाचे दोन नियम होते. जे चिकटवायचं ते पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे; म्हणून गव्हाच्या पिठाची खळ वापरायची, जी पाण्याने सुटते. आणि दुरुस्तीच्या चिठ्ठीवर तारीख, कागद आणि खळ यांची नोंद करायची, करणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. अकरा हजारांहून अधिक पुस्तकं चिकटरावांच्या हाताखालून गेली आणि त्यांतल्या एकावरही त्यांचं नाव नव्हतं. काम उत्तम झालं याची खूण एवढीच, की कुणी काही बोलत नसे. चौतीस वर्षं कुणी काही बोललं नव्हतं.

घरी त्यांच्या कपाटात ‘अदृश्य टपालवाला’ या चित्रकथांचे चौदा अंक होते. शाळेत असताना खाऊचे पैसे साठवून घेतलेले. पहिला अंक आता कुठेच मिळत नाही, ही बातमी जावयांनी आणली. जावई विमा कंपनीत अपघातग्रस्त मोटारींचे दावे तपासत. प्रत्येक वस्तूकडे तिची एखादी बाजू चेपलेली असणार अशा खात्रीने पाहण्याची त्यांना सवय झाली होती.

“बाबा, हे असं नुसतं कपाटात ठेवणं म्हणजे गुन्हा आहे,” जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रक पसरत जावई म्हणाले. “प्रतवारी करून घ्यायची. या संस्थेतले जाणकार भिंगाखाली तपासतात, दहापैकी गुण देतात, तेही दशांशात. मग कडक पारदर्शक पेटीत घालून चारी बाजूंनी सीलबंद. वर गुणांची पट्टी. परत म्हणून उघडायचं नाही.”

“मग वाचायचं कसं?”

“वाचायचं कशाला? नऊच्या वरच्या प्रतीला कुणी हात लावत नाही.”

“म्हणजे भिंतीवर टांगलेल्या सासऱ्यासारखं,” आतून चिकटरावांच्या पत्नी म्हणाल्या. “समोर काच, वर पट्टी, बोलायचं काम नाही.”

“आई, तुम्ही थट्टा करा. पण उद्या घरात पाणी शिरलं तर?”

“तिसऱ्या मजल्यावर?”

जावयांनी हा मुद्दा सोडून दिला आणि अर्ज पुढे सरकवला.

अर्ज सहाव्या रकान्यापर्यंत सुरळीत भरला गेला. सातव्यापाशी चिकटरावांचं पेन थांबलं. ‘या प्रतीवर पूर्वी कोणतीही दुरुस्ती झालेली आहे काय? असल्यास तपशील द्या.’

झालेली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं एका खोलीत राहत. एका दुपारी चिकटरावांनी चौदाही अंक हवा लागावी म्हणून घरातल्या एकुलत्या एका पलंगावर मांडले आणि नेमक्या त्याच दुपारी न कळवता सासूबाई आल्या. त्यांना दोन तास पत्र्याच्या ट्रंकेवर बसावं लागलं, कारण चिकटराव अंक हलवू देईनात. संध्याकाळी सासूबाई गेल्यावर पत्नीने पहिला अंक उचलला आणि मुखपृष्ठापासून आठव्या पानापर्यंत उभा फाडला. माफी तिने मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. दोघांनाही तेव्हा तेच न्यायाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी केर काढताना मुखपृष्ठाचा कोपरा, टपालवाल्याच्या टोपीसकट, उकिरड्यावर गेला.

पुढचे अकरा महिने चिकटराव दर रविवारी त्या अंकापुढे बसले. फाटलेल्या कडांचे तंतू सुईच्या टोकाने एकमेकांत गुंतवले. त्याच छापखान्याच्या, त्याच सालच्या एका रद्दी अंकाचा कोरा समास कापून त्यांनी हरवलेला कोपरा नव्याने बसवला, आणि त्यावर टोपी एका केसाच्या कुंचल्याने, छपाईचे ठिपके मोजून मोजून, रंगवली. ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम होतं. ते त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. पत्नीला माहीत होतं, पण ती त्याला काम म्हणत नसे, रुसवा म्हणे.

“लिहा ना,” पत्नी आता म्हणाल्या. “तपशील : बायकोने फाडला.”

“‘नाही’ लिहा,” जावई म्हणाले. “तुम्हीच म्हणता दिसत नाही. आमच्याकडे दाव्यांत एक तत्त्व आहे, बाबा. जे दिसत नाही ते झालेलंच नाही.”

“झालंय हो ते.”

“ते तुमच्या दृष्टीने.”

चिकटरावांनी सातवा रकाना कोरा ठेवला. घरच्यांना वाटलं, ते चुकीच्या उत्तराला भीत आहेत. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. ज्याला यातलं कळतं असा माणूस पहिल्यांदाच, भिंग घेऊन, त्यांचं काम बघणार होता. त्याला ते सापडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि न सापडता राहिलं तर तेही आणखी एक, कुणी काही न बोललेलं पुस्तक होणार होतं. एकदा, फक्त एकदा, कुणी जाणत्याने मान वर करून विचारावं, की हे कुणी केलंय? बासष्टाव्या वर्षी एवढी इच्छा धरणं त्यांना थोडं लाजिरवाणं वाटत होतं, म्हणून त्यांनी ती जावयांच्या उत्साहाआड लपवली.

प्रतवारी संस्थेचं एक दिवसाचं शिबिर एका हॉटेलच्या सभागृहात होतं. रांगेतली माणसं आपापले अंक नवजात अर्भकासारखे छातीशी धरून उभी होती. एक गृहस्थ तर खोकला आला की अंक शेजाऱ्याकडे देऊन बाहेर जात. चिकटरावांच्या मागे एक निवृत्त न्यायाधीश होते आणि त्यांच्या मागे एक दंतवैद्य. दोघंही पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका राक्षसाच्या पाठीवरच्या सुरकुतीबद्दल हळू आवाजात बोलत होते.

परीक्षक तरुण होत्या. पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग, बाजूला जांभळ्या उजेडाचा दिवा. त्यांनी अंक हातात घेतला तो ज्या रीतीने घेतला, त्यावरूनच चिकटरावांचं त्यांच्याबद्दल मत चांगलं झालं.

“काका, कुठे ठेवला होतात हो? चेहरा फार ताजा आहे.”

“कपाटात,” चिकटराव म्हणाले.

भिंग मुखपृष्ठावरून फिरू लागलं. फाटलेल्या रेषेवरून ते तीनदा गेलं आणि तिन्ही वेळा न थांबता पुढे सरकलं. दर वेळी चिकटराव सुखावले आणि लगेच खट्टू झाले. मग दिवा लागला. परीक्षक बाई अकराव्या पानापाशी थबकल्या.

“इथे हाताने रंग भरलाय. पिशवीचा लाल रंग रेघेबाहेर आहे.”

“तो छापखान्याचा दोष आहे. सगळ्या प्रतींत तसाच आहे.”

“असेल. पण शंका येते.” त्यांनी टिपून घेतलं. “किरकोळ धरते. कारण मुखपृष्ठ फार सुंदर आहे, आणि अस्सल. याला कुणाचाही हात लागलेला नाही. नऊ पूर्णांक दोन. तुमचा सातवा रकाना कोरा राहिलाय बघा, तिथे ‘नाही’ लिहा आणि खाली सही करा.”

जावयांनी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. पेन चिकटरावांच्या हातातच होतं. ‘नाही’ हा शब्द लिहायला फार जागा लागत नाही. पण कुणाचाही हात लागलेला नाही, हे वाक्य त्यांना काही गिळवेना. अकरा महिने तो हात लागला होता.

“ताई, हे मुखपृष्ठ दोन तुकड्यांत होतं,” ते म्हणाले. “मी जोडलंय.”

जावई खोकले. परीक्षक बाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. चिकटराव नखाने रेषा दाखवत गेले, त्या पाहत गेल्या.

“मला काही दिसत नाही.”

“तेच तर.”

“तेच तर म्हणून चालत नाही, काका. पुरावा लागतो. लोक इथे दुरुस्ती लपवायला येतात, आहे म्हणून सांगायला कुणी येत नाही. उद्या वाटेल त्याने काहीही सांगितलं म्हणून मी गुण कापायला लागले तर?”

“बाईंचं अगदी बरोबर आहे,” जावई म्हणाले. “बाबांना उन्हाचा त्रास झालाय.”

“सभागृहात कुठलं ऊन?” न्यायाधीश मागून म्हणाले. त्यांना आता रांगेचा कंटाळा येईनासा झाला होता.

चिकटरावांनी टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला. कागदी रुमालाचं टोक भिजवलं, पिळलं आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर नुसतं टेकवून ठेवलं. परीक्षक बाई अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या. चार मिनिटांनी चिकटरावांनी करंगळीच्या नखाने कड उचलली आणि टपालवाल्याची टोपी, अजिबात न कुरकुरता, त्यांच्या तळहातावर आली.

“अरे देवा,” दंतवैद्य म्हणाले.

परीक्षक बाईंनी तो तुकडा भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला. मग भिंग काढून, उघड्या डोळ्यांनी त्यांनी चिकटरावांकडे पाहिलं.

“हे तुम्ही केलंत?”

“हो.”

त्या प्रश्नासाठी ते इतकी वर्षं थांबले होते की पुढे काय बोलायचं याची तयारीच राहून गेली होती. खळ किती पातळ ठेवली, कागद कुठून मिळवला, ठिपके कसे मोजले, सगळं एकदम ओठांवर आलं आणि दारात अडकलेल्या माणसांसारखं तिथेच राहिलं. तोवर परीक्षक बाई संगणकाकडे वळल्या होत्या.

“तीन पूर्णांक पाच,” त्या म्हणाल्या. “दुरुस्तीचा प्रकार भरायचाय. व्यावसायिक की हौशी?”

“व्यावसायिक.”

“मान्यताप्राप्त कार्यशाळेची पावती?”

“घरी केलंय. रविवारी.”

“मग हौशी.”

नऊ पूर्णांक दोनाचे तीन पूर्णांक पाच झाले तेव्हा चिकटरावांची पापणीही हलली नव्हती. आता त्यांनी टेबलाची कड धरली. “ताई, चौतीस वर्षं मी हेच काम केलंय. विद्यापीठात.”

“हो, पण हे रविवारी केलंत ना?” त्यांनी खरोखर खेदाने म्हटलं. “संगणकात दोनच पर्याय आहेत, काका. पेटीत घालायचं का? वर जांभळी पट्टी येईल, ‘हौशी दुरुस्ती’ अशी.”

“नको,” चिकटराव म्हणाले. त्यांनी टोपी कोरड्या रुमालात घडी करून खिशात ठेवली आणि अंक काखेत घेतला.

सभागृहाबाहेरच्या बोळात ते पोचतात न पोचतात तोच मागून पावलं वाजली. दंतवैद्य होते.

“काका, एक मिनिट. माझ्या सहाव्या अंकाची पाठ थोडी उसवलीय. अशी करून द्याल? म्हणजे, अशीच.”

“कळणार नाही अशी,” न्यायाधीशांनी स्पष्ट केलं. रांगेतली आपली जागा सोडून तेही आले होते. “माझ्याही तीन-चार अंकांना गरज आहे.”

बघता बघता सात-आठ जण जमले. कुणी हातात कार्ड दिलं, कुणी खिशात घातलं. कुणी टोपीचा तुकडा पुन्हा बघायला मागितला आणि पाहून नुसतंच “वा” म्हणालं. चिकटरावांचे कान तापले. ही कसली माणसं आणि यांना काय हवंय, हे त्यांना पुरतं कळत होतं. तरी ते ‘वा’ त्यांना गोड लागलं, आणि गोड लागलं याचा राग आला.

“करून देईन,” ते म्हणाले. “पण आतल्या बाजूला माझं नाव, तारीख आणि काय वापरलं ते लिहीन. शाईने.”



“नाव कशाला?” न्यायाधीश समजुतीच्या स्वरात म्हणाले. “तुमच्यासारख्या कलावंताला नावाचा मोह?”

“आहे,” चिकटराव म्हणाले.

माणसं एकेक करून रांगेत परतली. दंतवैद्यांनी तर आपलं कार्डही परत मागून घेतलं. बोळात बाकावर चिकटराव बसले, आणि शेजारी जावई. जावई बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. ते नुकसानीचा हिशेब करत असणार असं चिकटरावांना वाटलं.

“बाबा,” शेवटी जावई म्हणाले, “टोपीचं कळलं. पण ती मोठी चीर कुठून गेलीय?”

“आता काय करायचंय तुम्हाला?”

“मी रोज वीस गाड्या बघतो. ठोकून सरळ केलेला पत्रा मला रस्त्यापलीकडून कळतो. सगळ्या कंपनीत माझा हात धरणारा कुणी नाही.” त्यांचा आवाज जरा दुखावलेला होता. “आणि मला हे दिसत नाही म्हणजे काय? द्या इकडे.”

त्यांनी अंक मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कागदाला लागेल इतके वाकले. मग तर्जनी मुखपृष्ठावरून हळूहळू वर सरकवू लागले.

“इथे?”

“नाही.”

“थांबा, सांगू नका. इथे, या दिव्याच्या खांबापाशी.”

“नाही.”

“मग इथे असणार.”

चिकटराव पुढे झुकले. “गेलात की ओलांडून,” ते म्हणाले. “जरा मागे या.”