तोंडात कोंबलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना हवेचा नळा आहे आणि सध्या माझ्या तोंडात एक उशी कोंबलेली आहे. त्यामुळे माझा आवाज दबका वाटला, मध्येच चिडका वाटला, तर समजून घ्या. चाळीस वर्षं घराला श्वास पुरवल्यावर हे बक्षीस मिळालं, तर कोण गोड बोलेल?

विनिपेग नावाच्या बर्फाळ शहराच्या उत्तर भागात वासिल पावलिक नावाचा पत्र्याचं काम करणारा कारागीर होता. त्याच्या दुकानात माझा जन्म झाला. मला तो घडवत होता ते ओरेस्त हाव्रिलुकच्या घरासाठी. ओरेस्तने त्या उन्हाळ्यात घराची एकूण एक फट बुजवली होती. भिंतींत जाड अस्तर भरलं, खिडक्या दुहेरी केल्या आणि मोठ्या ऐटीत वासिलला बघायला बोलावलं.

"आता थंडीची काय बिशाद आत यायची!" तो म्हणाला.

"वा, घराचा झाकणबंद डबा केलास की," वासिल म्हणाला. "आता मला सांग, तळघरातली घर तापवणारी तुझी भट्टी जळणार कशावर? तुझ्या कौतुकावर?"

म्हणून मी आलो. माझं एक टोक भिंतीतून बाहेर गेलं, त्याला जाळी लागली. दुसरं टोक भट्टीजवळ खाली उतरलं आणि एका बादलीत ठेवलं गेलं. ती बादली म्हणजे वासिलच्या डोक्यातली युक्ती. थंड हवा जड असते. ती बादलीत साचून बसते आणि भट्टीने ओढली तेवढीच काठावरून सांडते.

पहिल्या हिवाळ्यात माझं फार कौतुक झालं. भट्टीची ज्योत निळी, स्थिर जळायची. खिडक्यांच्या काचांवर पाणी धरेना. ओरेस्त पाहुण्यांना खाली आणून मला दाखवायचा. मी तेव्हा नवा होतो, मला ते सगळं खरं वाटलं.

मग जानेवारी आला, पारा उणे पस्तीसवर गेला आणि कौतुक आटलं. मी बाहेरची हवा आत आणतो. बाहेरची हवा उणे पस्तीसची असेल, तर ती मी गरम करून आणू का? मी पत्रा आहे, चूल नाही. पण लादी गार, दोष माझा. पाय गारठले, दोष माझा. ओरेस्तची बायको हालिना माझ्या बादलीत कांद्याची सालं टाकायची. घरातलं मांजरदेखील मला वळसा घालून जायचं.

दूरच्या जुन्या देशातून येऊन तिथं वसलेल्या ह्या लोकांच्या घरांमध्ये एक रीत होती. वरचं स्वयंपाकघर लखलखीत, पाहुण्यांना दाखवायचं. खरा स्वयंपाक तळघरात, दुसऱ्या चुलीवर. कांदा परतल्याचा वास वरच्या पडद्यांना लागता कामा नये. त्यासाठी ओरेस्तने बंद पडलेल्या एका खानावळीतला भलामोठा पंखा आणून तळघरात बसवला होता. तो सगळी वाफ बाहेर फेकायचा. किती हवा बाहेर जाते आणि तेवढी आत कुठून येते, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला पडला होता, पण मला विचारतो कोण?

त्यांचा नाताळ जुन्या पंचांगाने सात जानेवारीला असे. एका वर्षी त्याच्या तीन दिवस आधी पाच-सहा बायका तळघरात पिरोही करायला जमल्या. बटाट्याचं सारण भरलेली ती पाण्यात उकडायची करंजी, शेकड्यांनी करायची. त्यांत ओरेस्तची थोरली बहीण स्तेफा होती. कोट शिवण्याच्या कारखान्यात तिने तीस वर्षं काढली होती. तिच्यासारखी एकसारखी कड दाबणारी दुसरी कोणी नव्हती. तिचे पाय मात्र सदा गार. ती स्टूल घेऊन थेट भट्टीला चिकटून बसली, म्हणजे माझ्याच शेजारी.

"हालिना, ह्या तुमच्या नळ्यातून अख्खा उत्तर ध्रुव येतोय गं," ती म्हणाली.

"मला कशाला सांगता? तुमच्या भावाची हौस," हालिना म्हणाली. "कोंबा काहीतरी त्यात."

स्तेफाने अंगावरचा मेंढीच्या कातड्याचा जुना कोट काढला, गुंडाळला आणि माझ्या तोंडात घट्ट बसवला. "घे, आता चघळत बस," असं मला म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी काय करणार होतो? मला हात नाहीत, ओरडायला दुसरं तोंड नाही. पंखा हवा बाहेर फेकत होता आणि ती भरून काढायची वाट बंद होती. मग घराने ती धुराड्यातून ओढायला सुरुवात केली. भट्टीचा जो धूर वर जायचा, तो उलटा खाली येऊ लागला. त्यात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बायकांची डोकी दुखू लागली.

"कांदा झोंबतोय," एक म्हणाली.

"कालची वाइन झोंबतेय, कांद्यावर कशाला ढकलतेस?" दुसरी म्हणाली.

स्तेफाच्या हातातली कड वाकडी झाली. तीस वर्षांत तिची कड वाकडी झाली नव्हती. मी ती पाहिली आणि कोटाआड तळमळत राहिलो.

त्याच वेळी वासिल जिना उतरून आला. त्याच्या वाटणीची चार डझन पिरोही न्यायची होती. पायरीवरच तो थबकला. खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ चालले होते.

"अगं, इथं कपडे उकळताय की काय?" त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो भट्टीकडे गेला आणि धुराड्याच्या तोंडाशी पेटती काडी धरली. ज्योत आत ओढली जायला हवी होती. ती बाहेर वाकली आणि विझली. मग त्याला माझ्या तोंडातला कोट दिसला.

"बाहेर! सगळ्या बाहेर! पीठ राहू दे तिथंच!"

"वासिलभाऊ, अहो चप्पलसुद्धा..."

"चप्पल जिवंतपणी घाला!"

त्याने कोट उपटला, पंखा बंद केला, भट्टी बंद केली. बायका पिठाच्या हातांनी बर्फात जाऊन उभ्या राहिल्या. स्तेफा मात्र स्टुलावरून उठलीच नाही. तिचं डोकं पिरोहीच्या ताटावर टेकलं होतं. वासिल आणि हालिना यांनी तिला उचलून वर नेलं. हालिना वाटभर एकच म्हणत होती, "मीच म्हटलं कोंबा, मीच म्हटलं."

त्यांच्यात नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या मृत माणसांसाठी एक ताट रिकामं मांडतात. त्या संध्याकाळी हालिनाने ते मांडलं आणि वरून रडण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मग तिने दुसरं ताट भरलं, फडक्यात बांधलं आणि दवाखान्यात नेऊन स्तेफाला स्वतःच्या हाताने भरवलं.

स्तेफा वाचली. दवाखान्यातून ती ह्याच घरी राहायला आली आणि आधी तळघरात उतरली. माझ्या वर भिंतीत खिळा ठोकून तिने तो कोट लटकवला. माझ्या तोंडाशी तळहात धरला आणि म्हणाली, "गार आहेस ना? मग बरा आहेस." माझ्याशी इतकं प्रेमाने तोवर कोणी बोललं नव्हतं.

माणसं शहाणी झाली असं वाटतं ना तुम्हाला? पुढच्याच फेब्रुवारीत ओरेस्त उशी घेऊन हळूच खाली आला.

"ओरेस्त!" जिन्यावरून स्तेफाचा आवाज आला. "उशी कुणासाठी रे?"

"मानेखाली घ्यायला, ताई."

"मग मान तुझी, नळा माझा. चल वर."

अशी कितीतरी वर्षं गेली. कोणी माझ्याकडे रागाने पाहिलं, की नजर त्या कोटावर जायची आणि हात मागे यायचा. त्याला कसर लागली, बाह्या गळाल्या, तरी तो पहारा देत राहिला. मग वासिल गेला. ओरेस्त आणि हालिना गेली. शेवटी स्तेफाही गेली आणि घर विकलं गेलं.

नवं जोडपं आलं. भली माणसं आहेत, मुलीला खेळायला तळघरात गालिचा घातला आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी कोट काढला. "ई, कसला हा वास," म्हणत कचऱ्यात टाकला. तो कशाला लटकवला होता, हे त्यांना सांगणारं कोणी उरलं नव्हतं. भिंतीवर तो विषारी वायू साचला की धोक्याची शिटी वाजवणारी एक पांढरी डबी आहे. तिची बॅटरी खेळण्यातल्या रेल्वेला लागली आहे. आणि काल थंडी वाढल्यावर गालिच्यावर गार वारा येतो म्हणून ही उशी आली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादं भोक, जाळी, नळी असेल. ती नकोशी वाटली तर बुजवण्याआधी एकदा विचारा, हिला इथं कोणी आणि कशासाठी ठेवलं. फार नाही, एवढंच मागतो.

वर आत्ता कोणीतरी कढई तापवली आहे आणि वाफ बाहेर फेकणारा पंखा सुरू केला आहे. भट्टी पेटली. मुलगी गालिच्यावर रेल्वे चालवते आहे. मी हाक मारतो आहे, पण माझ्या तोंडात उशी आहे.