एका वेळी एकच स्क्रीन

त्या सप्टेंबरात दोहामध्ये फुटबॉलशिवाय दुसरा विषयच नव्हता. वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आला होता, उंच इमारतींवर खेळाडूंची मजल्यामजल्याएवढी चित्रं चढली होती, आणि अल नस्रमधल्या विभावरीच्या इमारतीचा वॉचमनसुद्धा येताजाता तिकिटांच्या गोष्टी करत होता. विभावरीचा जीव मात्र दुसऱ्याच फुटबॉलमध्ये अडकला होता.

हा अमेरिकेतला फुटबॉल. चेंडू लांबुळका, खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर ढालीसारखे पॅड, आणि एकमेकांच्या अंगावर रेड्यांसारखी धाव. तिचा मुलगा कैवल्य इथेच वाढला होता, अल वक्राच्या मैदानांवर गोल चेंडू खेळत. इंजिनियरिंगसाठी अमेरिकेला गेला आणि तिथल्या कोचने त्याचा डावा पाय हेरला. त्याला कॉलेजच्या संघात किकर म्हणून घेतलं. लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून पार करायचा, नाहीतर खेळ सुरू करताना तो लांब भिरकावायचा, एवढंच त्याचं काम.

"आई, मला कुणी हातसुद्धा लावत नाही," तो फोनवर हसून सांगायचा.

विभावरीने विश्वास ठेवला. संजीवने नाही. तिचा नवरा एका स्टेडियमच्या कूलिंगच्या कामावर इंजिनियर होता. कैवल्यने संघात घेतल्याची बातमी दिली, त्याच आठवड्यात संजीवने कुठल्याशा सामन्याची क्लिप पाहिली होती. एका मुलाची मान पट्ट्यांनी बांधून त्याला मैदानाबाहेर नेत होते. त्याने कैवल्यला तिथल्या तिथे फोन लावला आणि आवाज चढवून म्हणाला, "ते हेल्मेट ज्या दिवशी कायमचं काढशील, त्या दिवशी माझ्याशी बोल." कैवल्यही त्याचाच मुलगा. वर्ष उलटून गेलं तरी बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप असले तर विभावरीमार्फत जायचे.

घरच्या केबलवर फुटबॉलचे ढीगभर चॅनेल होते, पण अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने त्यांत एकावरही लागत नसत. शेवटी विभावरीने केबल बंद केली आणि इंटरनेटवरून सामने दाखवणारं एक खातं घेतलं. दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि सोफ्याच्या कडेवर बसायचं. चित्र मूळ सामन्याच्या अर्धा मिनिट मागे चाले. कैवल्यचा रूममेट गंधार तिथे स्टेडियममध्ये बसून मेसेज टाकायचा, आणि चेंडू इथे हवेत असतानाच तिथला निकाल फोनवर येऊन पडायचा. म्हणून ती सामना चालू असताना फोन उशीखाली ठेवी.

त्या शनिवारी खरं तर सामना बघायचा नव्हता. सासरे गोविंदराव, म्हणजे अण्णा, नाशिकहून आले होते. त्यांना सूक वाकिफला फिरवून आणायचं, मसाल्यांचा बाजार दाखवायचा, असं तिने सकाळी संजीवच्या कानावर घातलं होतं. तो नेहमीप्रमाणे साइटवर गेला. संध्याकाळी अण्णांचा गुडघा दुखायला लागला. "बाजार कुठे पळून जातोय? नातू दाखव," म्हणाले, आणि चष्मा पुसून टीव्हीसमोर बसले.

समोरचा संघ तगडा होता. पहिल्या भागात कैवल्यने एकदा चेंडू खांबांमधून पार केला, तेव्हा अण्णांनी टाळ्या वाजवल्या. मग समोरच्यांनी आघाडी घेतली. कैवल्यच्या संघाने जिद्दीने बरोबरी साधली आणि सदतीस नंबरचा कैवल्य पुन्हा खेळ सुरू करायला मैदानात आला. त्याने हात वर केला, धाव घेतली.

आणि पडदा काळा झाला.

"गेलं वाटतं नेट," विभावरी पुटपुटली. मध्ये एक चक्र फिरत होतं, खाली इंग्रजीत काहीतरी चौकट आली होती. ती वाचायच्या भानगडीत न पडता तिने पान बंद केलं, पुन्हा उघडलं, पासवर्ड घातला. चित्र आलं.

मैदानावर खेळ थांबलेला होता. खेळाडू एक गुडघा टेकून बसले होते. मध्ये गोलात चार-पाच माणसं वाकलेली, आणि त्यांच्या पायांमधून दिसणारा पांढऱ्या कपड्यांतला कुणीतरी आडवा. एक माणूस बाजूला सरकला, तेव्हा छातीवरचा आकडा दिसला. सदतीस.

"अण्णा..." एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

पडदा पुन्हा काळा.

विभावरीने पुन्हा पान उघडलं. पासवर्ड चुकला. पुन्हा घातला, पुन्हा चुकला. तिने उशीखालून फोन ओढून काढला. गंधारचा एकच मेसेज होता: काकू, घाबरू नका. तिने त्याला फोन लावला, लागेना. हजारो माणसांच्या त्या गर्दीत तो लागणार तरी कसा? कैवल्यचा लावला, तो वाजत राहिला. सामन्याच्या वेळी त्याचा फोन कपाटात कुलपात असणार हे माहीत असूनही ती कानाला लावून उभी राहिली.

अण्णा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले होते. "विभा, इकडे ये. हे वाच. नेट गेलेलं नाहीये."

"अण्णा, आत्ता नको..."

"अगं वाच तर! दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावर हे खातं चालू आहे, म्हणून इथलं बंद केलं असं लिहिलंय. एका वेळी एकच स्क्रीन. कुणाकडे आहे तुझा पासवर्ड?"

तिने कुणालाच दिला नव्हता. घरातला तोच एक पासवर्ड सगळीकडे होता, तो फक्त घरच्यांना ठाऊक. मग तिने संजीवला फोन लावला.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. तो बोलायच्या आधी मागचा आवाज तिच्या कानात शिरला. अमेरिकन इंग्रजीत बोलणारे दोन समालोचक, त्यांच्यामागे दबलेली गर्दी.

"संजीव, तू बघतोयस?"

"विभा, तो पडलाय." त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "मध्येच सारखं बंद पडत होतं, मी परत परत लॉगिन..."

"ते मी करत होते! आता हात लावू नकोस, बंद करू नकोस. काय दिसतंय ते सांग, अण्णाही ऐकतायत."

तिने फोन स्पीकरवर टाकला. अण्णांनी तो तिच्या हातातून घेऊन दोन्ही हातांत धरला.

"चेंडू पकडलेला त्यांचा मुलगा सगळ्यांना चुकवून पळत सुटला," संजीव सांगू लागला. "पुढे आपला एकटाच उरला होता. बाजूला व्हायला हवं होतं त्याने. झाला नाही. आडवा गेला."

"आत्ता काय चाललंय ते सांग!"

"डॉक्टर आहेत जवळ. गाडी आणतायत, ती छोटी, मैदानावरची."

"हलतोय का?"

फोनमधून नुसता गर्दीचा आवाज येत राहिला.

"संजीव!"

"दिसत नाहीये गं मला. माणसं मध्ये आहेत. थांब... मान धरलीये त्याची. कुणीतरी मान धरून बसलंय."

विभावरी खाली फरशीवरच बसली. काळ्या पडद्यावरची चौकट तशीच होती. खातं तिचं होतं. बटण दाबलं असतं तर चित्र इथे आलं असतं आणि तिथे संजीवसमोर अंधार झाला असता. तिचा हात लॅपटॉपपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. इथे चित्र यायला जाईल तेवढा वेळसुद्धा कुणाचीच नजर त्याच्यावर नसणार, हे तिला सहन होईना.

"पाय," संजीव एकदम म्हणाला. "विभा, पाय हलवला. दोन्ही. गुडघे वर घेतले."

"नक्की?"

"नक्की. हेल्मेट काढलं त्याचं. बोलतोय डॉक्टरशी. डावा हात पोटाशी धरलाय. उठवतायत... बसला. बसलाय तो, अण्णा! उभा राहतोय."

फोनमधून टाळ्यांचा कल्लोळ आला आणि त्यात संजीवचं हुंदका दाबणं स्पष्ट ऐकू आलं. अण्णा खुर्चीत टेकले आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं, पोरा."

संजीव तासाभरात घरी पोचला. जेवण टेबलावर झाकून ठेवलं होतं. बूटही न काढता तो दारात उभा राहिला. विभावरीने विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून. लाइव्ह नाही, दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग. निकाल ठाऊक असला, की बघवतं. आज तुम्ही बाजारात असाल असं वाटलं. म्हटलं, एकदा खरंखुरं बघू."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

संजीव वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. तेवढ्यात कैवल्यचा व्हिडिओ कॉल आला. कॉलरबोन मोडलं होतं. हात झोळीत, चेहऱ्यावर गवताचा हिरवा ओरखडा, आणि अपराधी हसू. त्याचं आईशी आणि आजोबांशी बोलून झाल्यावर संजीव पुढे आला.

"दुखतंय?" संजीवने विचारलं.

"थोडं."

"अडवताना मान खाली घातली नाहीस, ते बरं केलंस. यंदाच्या दुसऱ्या सामन्यात घातली होतीस."

कैवल्य बघतच राहिला. "बाबा, तू बघितलंस ते?"

"सगळेच सामने बघितलेत."

"आता खलास," विभावरी मध्येच म्हणाली. गेला तासभर ती हेच घोकत होती. "पुरे झालं. उद्या कोचला सांग. तुला हात लावत नाहीत म्हणाला होतास ना?"

कैवल्यने मान खाली घातली. संजीवने फोन जरा दूर धरला आणि हळूच म्हणाला, "ते त्याला ठरवू दे."

"हे तू म्हणतोस? तू?"

"हो. वर्षभर मी ठरवून बघितलं, विभा. त्यात मी त्याचा आवाज ऐकला नाही, एवढंच झालं."

तिला त्याचा भयंकर राग आला. वर्षभर दोघांच्या मध्ये उभं राहून निरोप तिने पोचवले होते, आणि आता हे दोघं एका बाजूला झाले होते. ती स्वयंपाकघरात गेली, आमटी गॅसवर ठेवली. बाहेर संजीव विचारत होता, तो चेंडू घेऊन पळालेला मुलगा डावीकडून कसा निसटला, आणि कैवल्य एका हाताने हवेत रेघा ओढून समजावत होता. अण्णा मधूनच काहीतरी विचारून दोघांना हसवत होते.

आमटी उकळायला लागली तरी ती ढवळत राहिली. मग गॅस बंद केला, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन संजीवच्या हातातून फोन घेतला.

"अजून माझं काही ठरलेलं नाही," ती कैवल्यला म्हणाली. "आधी तो हात नीट दाखव मला. कॅमेरा खाली घे."