न दाखवलेला उत्तरार्ध

समीक्षकाला त्या दिवशी सर्दी झाली होती. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून ते आधी सांगून टाकलेलं बरं.

मंगळवारी दुपारी निर्मात्याने अकरा समीक्षकांना नवा सिनेमा दाखवायला बोलावलं. सिनेमा लागायला अजून दहा दिवस होते. छोटं थिएटर, पाय पसरता येतील अशा खुर्च्या, मागे चहा आणि सँडविचचं टेबल. गोष्ट एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची होती. मध्यंतर झालं तसा समीक्षक नाक पुसत उठला, दोन सँडविच कागदी रुमालात गुंडाळली आणि सरळ घरी गेला. बावीस वर्षांच्या अनुभवानंतर पूर्वार्धावरून उत्तरार्ध कळतो, असं त्याचं म्हणणं होतं. बाकीच्या समीक्षकांचा अनुभवही काही कमी नव्हता. मध्यंतर संपलं तेव्हा खुर्च्यांत दोनच जण उरले होते, आणि त्यातला एक घोरत होता.

घरी जाऊन त्याने परीक्षण लिहिलं. ‘पूर्वार्ध आश्वासक आहे. उत्तरार्धात मात्र दिग्दर्शकाची पकड सुटते आणि सिनेमा रेंगाळतो. शेवट अपेक्षित.’ ही वाक्यं त्याने इतक्या वेळा लिहिली होती की ‘उत्तरार्धात’ एवढं टाइप केलं की पुढचं फोनच सुचवायचा.

गुरुवारी परीक्षण छापून आलं. त्याच दिवशी आणखी आठ जणांची आली. नऊच्या नऊ जणांच्या मते उत्तरार्ध रेंगाळत होता. एकाने तर ‘असह्य’ असा शब्द वापरला.

‘पडदाप्रेमी’ नावाच्या ऑनलाइन ग्रुपवर चाळीस हजार लोक होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तो चालवत. सगळे त्यांना अॅडमिनकाका म्हणत. संध्याकाळपर्यंत तिथे दोन तट पडले. एक म्हणत होता, सिनेमा रेंगाळतो. दुसरा म्हणत होता, तो मुद्दाम संथ ठेवलाय, तुमची तेवढी कुवत नाही. एकमेकांची अक्कल काढून झाल्यावर अॅडमिनकाकांनी मतदान घेतलं. एकसष्ट टक्के लोकांनी ‘रेंगाळतो’ला मत दिलं. सिनेमा त्यांच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता.

रविवारी समीक्षकाची मेहुणी जेवायला आली. ती साउंड मिक्सिंग करायची, आणि या सिनेमाचं कामही तिच्याकडेच होतं. ते समीक्षकाला माहीत होतं, म्हणून तो जरा सावरूनच बसला होता.

“भाऊजी, तुमचं वाचलं हं,” ती भात कालवत म्हणाली.

“मनाला लावून घेऊ नकोस. आवाजाबद्दल मी चांगलंच लिहिलंय.”

“हो ना. ‘पार्श्वसंगीत उत्तम.’ पण पूर्वार्धात पार्श्वसंगीतच नाहीये.”

“उत्तरार्धातलं म्हणत होतो मी.”

“अस्सं! मग नेमकं कुठे रेंगाळलं ते सांगा ना. पुढच्या वेळी उपयोगी पडेल.”

समीक्षक खुलला. नाट्यमयता, तणाव, पात्रांचा आलेख वगैरे बोलत राहिला. म्हाताऱ्याच्या मुलीचा प्रसंग दोनदा येतो, असंही त्याने ठोकून दिलं. मेहुणी मान डोलवत ऐकत होती. त्याची बायको मात्र वाढायची थांबली. बहिणीचा हा चेहरा ती लहानपणापासून ओळखत होती.

“आणि शेवट अपेक्षित म्हणालात. काय आहे हो शेवट?”

“आता सांगितला तर तुझ्या ताईची मजा जाईल.”

“तुम्ही सांगाच. तुमच्याकडून ऐकायचाय मला, कारण मंगळवारी तो माझ्याच मशीनवर अर्धवट पडला होता. उत्तरार्ध दाखवलाच नाही आम्ही. मध्यंतरानंतर माफी मागितली आणि शनिवारी परत या असं सांगितलं. सगळ्यांना मेसेजही केला.”

समीक्षकाने फोन काढला. मेसेज होता. न उघडलेला.

“अहो!” बायको एवढंच म्हणाली.

“शनिवारी कोणीच आलं नाही,” मेहुणी म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा आता गेली होती. “त्या म्हाताऱ्याची श्रवणशक्ती जाते, तो सहा मिनिटांचा सीन आहे. दुकानात चाळीस घड्याळं. एकेकाची टिकटिक बंद होत जाते, आणि घड्याळं तर सगळी चालू दिसतात. चाळीसही मी वेगवेगळी रेकॉर्ड केली. चार महिने गेले. काल निर्मात्याने तो सीन काढायला लावला. नऊ समीक्षक रेंगाळतो म्हणतात, म्हणाला.”

समीक्षकाने मेसेज उघडून वाचला.

सोमवारी सकाळी तो निर्मात्याच्या ऑफिसात गेला. काचेची केबिन, भिंतीवर पोस्टरं, टेबलावर तीन फोन.

“मी उत्तरार्ध पाहिला नाही,” तो बसायच्या आधीच म्हणाला. “माझं परीक्षण धरू नका.”

“मला ठाऊक आहे,” निर्माता म्हणाला. “जे दाखवलंच नाही ते तुम्ही कसं पाहणार? बसा. चहा घेणार?”

“मग सीन का कापला?”

“तो मला पहिल्यापासून नको होता. दिग्दर्शक ऐकत नव्हता. म्हणे, तो सिनेमाचा प्राण आहे. आता नऊ कात्रणं त्याच्यापुढे टाकली, तर गप्प बसला बिचारा. तुमचे उपकारच आहेत.”

“आणि त्या जागी?”

“गाणं घातलंय. ‘रेंज गेली राणी’. विषय तोच, ऐकू न येण्याचा.”

समीक्षक तिथून उठला तो कान लाल करून. दुपारी त्याने पडदाप्रेमींच्या ग्रुपवर सगळं खरं लिहून टाकलं: मी मध्यंतरात घरी गेलो, उत्तरार्ध दाखवलाच गेला नव्हता, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

कोणी ठेवलाही नाही. पहिला म्हणाला, हा प्रमोशनचा डाव आहे. दुसऱ्याला त्यात सूक्ष्म उपहास दिसला. घोरणाऱ्या समीक्षकाने शपथेवर सांगितलं की उत्तरार्ध त्याने पूर्ण पाहिला. एका बाईंनी लिहिलं, ‘सिनेमा मीही पाहिलेला नाही, पण उत्तरार्ध खरंच रेंगाळतो.’ याला नऊशे जणांनी पसंतीचा अंगठा दिला. शेवटी अॅडमिनकाकांनी ‘विषयबाह्य’ असा शेरा मारून कबुलीजबाब उडवला.

शुक्रवारी सिनेमा लागला आणि बरा चालला. गाणं तर तुफान चाललं. लग्नाच्या हॉलमध्ये, जिममध्ये, दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, जिथे जावं तिथे राणीची रेंज जात होती. उरलेल्या आठ समीक्षकांनी तिकीट काढून नव्याने लिहिलं, की उत्तरार्ध घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो.

समीक्षकाने मेहुणीला फोन केला. “मला तो सीन दाखव.”

“कशाला? आता छापायला उशीर झाला.”

“छापायला नाही.”

तिने त्याला दुपारी स्टुडिओत बोलावलं. भिंतींना फोम लावलेली, खिडकी नसलेली खोली होती. तिने त्याला मधोमध खुर्चीवर बसवलं आणि दिवे मालवून सीन लावला. चाळीस घड्याळांचा गलबला झाला. मग एक गेलं. मग दोन. कुठलं गेलं ते कळायच्या आत आणखी एक. म्हाताऱ्याने एक घड्याळ कानाशी धरलं, मग निदान कंप जाणवतो का ते पाहायला दातांत. भिंतीवरचे लंबक हलत होते. शेवटी खोलीत समीक्षकाला आपलाच श्वास तेवढा ऐकू येऊ लागला, आणि तो त्याने रोखून धरला.

दिवे लागले तरी तो उठला नाही.

“बोला काहीतरी,” मेहुणी म्हणाली. “एवढे शब्द असतात तुमच्याकडे.”

“काही सुचत नाहीये.”

“बावीस वर्षांत पहिल्यांदा?”

त्याने मान डोलावली. तिने खुर्ची ओढली आणि ती त्याच्या शेजारी बसली. मग दारावर थाप पडली. गाण्याच्या रिमिक्सवाले आले होते.