पिवळं कार्ड

माझा ललित जिल्ह्याच्या संघातून फुटबॉल खेळायचा. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली आणि गुडघा कामातून गेला. ऑपरेशन झालं, लंगडत का होईना चालू लागला, पण डॉक्टरांनी खेळ बंद केला तो कायमचा. मग पोरगा डिंडोलीत कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात लागला आणि घरात फुटबॉलचं नाव काढायची सोय राहिली नाही. टीव्हीवर मॅच लागली की उठून जायचा. “माय, मी आते खेळमा राह्यनू नही,” एवढंच म्हणायचा. असा राग यायचा मला! गुडघा गेला म्हणून माणूस मोडीत काढायचा की काय?

गेल्या रविवारी कारखान्यातल्या पोरांची मॅच होती, गोडादऱ्याला. शेजारच्या लूमवरचा दगा नावाचा पोरगा बोलवायला आला, तर हा जागचा हलेना. शेवटी मीच चप्पल घातली. “तू नको येऊ, मी जास,” म्हटलं. मग मागोमाग आला.

मैदानावर ढोल बडवत होते, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. लूमवर तरी कुठे येतं? तिथे सगळे हातांनीच बोलतात. ललित रेषेबाहेर तोंड शिवल्यासारखा उभा होता. मध्येच त्याचा हात वर गेला, दोन बोटं फिरली, लूमवरचीच खूण: धागा तुटला, डावीकडे. दगाने पाहिलं आणि डावीकडची मोकळी जागा धरली. मग काय, आमच्या साहेबांचे हात थांबेनात. समोरचा संघ बघतच राहिला.

एकदा मात्र त्याची खूण कुणालाच दिसली नाही. लूमवर धागा तुटला की कारागीर थांबत नाही, स्वतः पुढे होऊन गाठ मारतो. हा शहाणाही तसाच निघाला, हात हलवत, लंगडत, थेट मैदानात! रेफरीने शिट्टी फुंकली आणि पिवळं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं.

झालं! आता हा पुन्हा तोंड पाडून बसणार.

ललित त्या कार्डाकडे बघत राहिला. मग वळला आणि गुडघ्याची पर्वा न करता माझ्याकडे पळत सुटला.

“माय, देखं का? माले कार्ड दाखाडं! बाहेरना माणूसले कोनी कार्ड दाखाडस का?”

त्या रेफरीचा हात धरून त्याला घरी न्यावं आणि पोटभर शेवभाजी वाढावी, असं वाटलं मला.