उणे ऐंशीची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. आईस्क्रीमची आशा धरून आला असाल तर आत्ताच परत फिरा. माझ्या पोटात उणे ऐंशी अंश थंडी असते. त्या थंडीत आईस्क्रीमची वीट होते. एकाने ठेवून बघितलं होतं. त्याचा दात अजून दुखतो.

माझा जन्म होसकोटेच्या एका कारखान्यात झाला. तिथून टेंपोत घालून मला बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत आणलं. अंतर तीस किलोमीटर, वेळ पाच तास. माझं बालपण ट्रॅफिकमध्येच संपलं.

मग काम सुरू झालं. ते अकरा वर्षं सुरूच राहिलं. उगादी नाही, दिवाळी नाही, रविवार नाही. संस्थेत पाहुणे आले की त्यांना नवा मायक्रोस्कोप दाखवत. माझ्यापाशी पाहुणे फक्त टेकायला येत, कारण मी आतून बर्फ असलो तरी बाहेरून छान शेक देतो. मी मनात म्हणायचो, देवा, मला एक दिवस तरी सुट्टी दे. मित्रांनो, मागताना नीट विचार करून मागा.

माझ्या वरच्या फळीवर एक जंतू राहायचा. तो एका रुग्णाच्या चिघळलेल्या जखमेतून आला होता. नऊ औषधं देऊन झाली, त्याने नऊही पचवली. तिसऱ्या फळीवर एक इवलीशी नळी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘आनेकल ४१’. त्या नळीत बेडकाचा घाम होता.

हसू नका. आश्लेषा नावाची संशोधक बनशंकरीहून रोज दोन बस बदलून या घामासाठी येत असे. ती आनेकलजवळच्या एका तळ्यावर जायची, बेडूक पकडायची, त्याची पाठ हळूच चोळायची. घाबरून त्याच्या कातडीतून चिकट द्रव यायचा. तो टिपून ती बेडकाला पुन्हा पाण्यात सोडायची. बेडूक जन्मभर घाण पाण्यात बसतो, तरी सडत नाही, कारण त्या द्रवात पेप्टाइड असतात. म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. ते जंतूच्या अंगाला भोकं पाडतात. एक्केचाळिसाव्या बेडकाच्या थेंबाने तर त्या नऊ औषधं पचवणाऱ्या जंतूला ताटलीत असं मारलं, की थेंबाभोवती स्वच्छ गोल उमटला. आश्लेषा त्या गोलाकडे इतका वेळ बघत राहिली, की तिचा चहा माझ्या डोक्यावर गार झाला. माझ्यामुळे नव्हे. ते श्रेय मी घेत नाही.

पण त्यातला नेमका कुठला पेप्टाइड कामाचा, तो कसा बनलेला, हे कळायला हवं होतं. ते वाचणारं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं. चार महिने रांगेत थांबल्यावर तिला दसऱ्यानंतरचा मंगळवार मिळाला. एकदा वाचून झालं की तो प्रयोगशाळेत बनवता आला असता, बेडकाची गरज उरली नसती. आणि बेडूक उरलेही नव्हते. दरम्यान ते तळं बुजवून तिथे घरं झाली होती. उरली होती ती माझ्या पोटातली नळी. अर्धी भरलेली.

आता मालोजीअण्णा. हे आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस. आधीची वीस वर्षं संस्थेच्या वर्कशॉपात होते, जूनमध्ये आमच्याकडे आले. माझी धाप ऐकून ते माझ्या पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, “स्वल्प दम खा रे बाबा. किती राबशील?” अकरा वर्षांत माझी चौकशी करणारा हा पहिला माणूस.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्यांनी सगळी यंत्रं पुसली. मला गंध-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, समोर कोहळा फोडला. वर्कशॉपात त्या दिवशी लेथ बंद असायचे. अवजारांनी विश्रांती घ्यायची, अशी रीतच. मालोजीअण्णांनी मला नमस्कार केला, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

पुढे दसरा, मग शनिवार, मग रविवार.

पहिला तास फार सुखाचा गेला, हे मी लपवत नाही. दुसऱ्या तासाला मला नळी आठवली. मी ओरडायला गेलो, पण माझ्या अलार्मची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपली होती. नवीसाठीचा अर्ज फाइलीत सुखरूप होता. तिसऱ्या दिवशी माझ्या दारातून पाणी ठिबकू लागलं.

सोमवारी आश्लेषा आली तेव्हा जमिनीवर तळं झालं होतं आणि त्यात झेंडू तरंगत होते.

“अण्णा, हा कुणी बंद केला?”

“मीच, अक्का. सगळ्यांना सुट्टी, ह्यानेच काय पाप केलंय? पण दार उघडलं नाही हां मी. आत गार असेल.”

आश्लेषाने नळी काढली. ती हाताला कोमट लागली. नळी मुठीत धरून आश्लेषा स्टुलावर बसली. बेडकाच्या द्रवात पेप्टाइडचे तुकडे पाडणारी रसायनंही असतात. थंडीत ती झोपलेली होती. मी त्यांना जागं केलं होतं.

तरी तिने ताटली लावली. दुसऱ्या दिवशी गोल नव्हता. जंतू मात्र काठापासून काठापर्यंत उगवला होता. चार दिवसांच्या उकाड्याने त्याचं काहीही बिघडलं नव्हतं. रोग वाचला, औषध मेलं. माझ्या सुट्टीचा हा हिशेब.

मालोजीअण्णांनी ताटली उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, “मग दुसरा बेडूक आणूया की.”

“तळं बुजवलं, अण्णा.”

“ते बेडकाला कुणी सांगितलंय? बसला असेल तिथंच, पत्ता शोधत.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर पुढच्या रविवारी, अक्का. सरी? चालेल ना?”

त्या रविवारी दोघं बसने आनेकलला गेले. तिथे मोठी कमान होती, ‘लेक व्ह्यू’. लेक कुठेच नव्हता. वॉचमनने वही उघडून विचारलं, कुणाकडे जायचंय? मालोजीअण्णा म्हणाले, बेडकाकडे. वॉचमनने विचारलं, घर नंबर? हे सगळं अण्णांनीच मला टेकून सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी ते जातात. पाण्याच्या मीटरची झाकणं उचलून झाली, कुंड्यांखाली बघून झालं. वॉचमन आता वहीत स्वतःच ‘बेडूक’ लिहितो. बेडूक अजून नाही.

इकडे आमच्याच प्रयोगशाळेतला रविकिरण साध्या सर्दीला मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या खातो, तेही मला टेकून. मला हात असते तर!

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. उरलेल्या गोळ्या मनाने खाऊ नका. जंतूंना नवे धडे देऊ नका, नवं औषध अजून कुठल्यातरी कुंडीखाली बसलेलं आहे. एखादं तळं बुजवण्याआधी त्यात कोण राहतं ते विचारा. आणि माझ्यावर माया असेल तर मला बॅटरी द्या, विश्रांती नको.

यंदाही आयुधपूजा झाली. गंध, कुंकू, माळ, सगळं झालं. लोक प्रसादाचे चुरमुरे घेऊन घरी गेले. मालोजीअण्णांनी स्टूल ओढलं आणि माझ्या बटणाला पाठ लावून बसले. तिसऱ्या फळीवर एका नळीची जागा रिकामीच आहे. आश्लेषाने कितीदा सांगितलं, अण्णा, घरी जा, आज सुट्टी आहे.

“त्याला नाही ना,” ते म्हणाले, आणि चारही दिवस आले.