काचेच्या पेटीत मी जाणार नाही

मी एक एप्रन बोलतोय. पांढराशुभ्र, कडक खळीचा. माझा जन्म लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओच्या कपडेपटात झाला. कॅमेऱ्यापुढे मोलकरणीच्या कमरेला बसायचं, एवढंच माझं काम. खऱ्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

जी नटी मला बांधायची, तिच्या नावाची पट्टी माझ्या आतल्या बाजूला शिवली जायची. अशी तीन नावं आहेत. तिघीही कृष्णवर्णीय, आणि तिघींचीही नावं मोलकरणीच्याच भूमिकेसाठी अभिनयाच्या मोठ्या पारितोषिकाच्या यादीत आली. तेव्हा मी काय मिरवायचो! माझ्यातच काही जादू आहे असं वाटायचं.

तिसरी व्हर्नेल प्रुइट. तिला पारितोषिक मिळालंच, आणि निर्मात्याने मला तिलाच भेट दिलं. पुढे एका चित्रपटात तिने न्यायाधीश रंगवली. घरात ती संवाद म्हणायची तेव्हा कपाटात मी श्वास रोखून ऐकायचो. इतकं सुंदर काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. त्या वर्षी यादीत पाच नट्या होत्या, पाचही गोऱ्या.

"अगं, न्यायासनावर बसताना हातात झाडू धरायचास," तिची बहीण लूडी म्हणाली. "लगेच दिलं असतं!"

व्हर्नेल हसली आणि हसता हसता रडली. माझा तोरा तिथेच उतरला. त्या लोकांना तिच्या अंगावर फक्त मी चालत होतो.

परवा शनिवारी चित्रपट संग्रहालयाचे डेल्बर्टसाहेब मला न्यायला काचेची पेटी घेऊन तिच्या घरी आले. व्हर्नेल आता चौऱ्याहत्तरची आहे. आपल्यामागे लोकांनी आपल्याला कशाने ओळखावं, हीच तिला काळजी.

"हा एप्रन कायमचा काचेत राहील, मॅडम."

"त्यापेक्षा माझा न्यायाधीशाचा झगा न्या."

"पण त्याला कुठे पारितोषिक मिळालंय?"

"म्हणून तर न्या. का नाही मिळालं, ते विचारू देत लोकांना."

"आमच्या समितीने एप्रनच मंजूर केलाय हो."

व्हर्नेलने मला टेबलावरून उचललं, कमरेला करकचून बांधलं आणि मक्याच्या पिठात घोळवलेले मासे कढईत सोडले. तेल उडालं. साहेब ओरडले, "अहो, डाग पडतील!"

"पडू देत की. एप्रन असतो कशाला?" तिने पिठाचे दोन्ही हात मला खसाखसा पुसले.

लूडीने विचारलं, "काय साहेब, पेटीत झगा घालू?"

साहेब रिकामी पेटी घेऊन गेले. झगा आता बैठकीच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल असा टांगलाय. मला चार डाग पडलेत आणि माशांचा वास काही जात नाही. मला त्याचा भारी अभिमान आहे.

एवढीच विनंती करतो. झगा बघायला खुशाल या, त्याच्याविषयी हवं ते विचारा. माझी चौकशी करत कुणी पेटी घेऊन आलंच, तर त्याला दारातूनच सांगा, एप्रन कामात आहे.