आणखी एक बटण

तिने लॅपटॉप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मोबाइलच्या हॉटस्पॉटला तिथेच काय तो जरा जीव होता. पडद्यावरची निळी पट्टी शेवटाशी येऊन अडली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'साधारण एक मिनिट शिल्लक'. हे एक मिनिट सकाळपासून चाललं होतं.

मागे पलंगावर बाबा उशांना टेकून बसले होते. मांडीवरच्या टॅबवर डाव्या हाताचं बोट टेकवत होते, उचलत होते, पुन्हा टेकवत होते. ॲप क्षणभर उघडायचं, पडदा पांढरा व्हायचा आणि सगळं मिटायचं.

"हे," बाबा म्हणाले.

झटका आल्यापासून त्यांच्यापाशी हा एवढाच शब्द उरला होता. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. कळत मात्र सगळं होतं. पाणी हवं तरी 'हे', पंखा नको तरी 'हे'. समोरच्याला उमगलं नाही की त्याच शब्दाला धार चढायची. म्हणून तिने त्यांच्यासाठी ते ॲप बनवलं होतं. ऑफिसात ती विम्याच्या कंपन्यांसाठी असली कामं करायची. हे तिने रविवारी बसून केलेलं, घरचं. मोठमोठी बटणं: पाणी, उशी, पंखा, दुखतंय, बातम्या लाव. आवाज दादाचा, कारण फोनवर पूर्वी लोक दादाला बाबाच समजायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग टॅब कुणालाही न विचारता स्वतःच अपडेट झाला आणि बाबा पुन्हा मुके झाले. परवा त्यांनी पाण्याचं भांडं भिरकावलं. लागलं नाही, असं आई म्हणाली. मनगटाला पट्टी का बांधलीय, ते तिने सांगितलं नाही.

ॲप दुरुस्त करायचं तर ते ज्यात बनवलं त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी. नव्या आवृत्तीला लॅपटॉपची नवी सिस्टीम हवी. सिस्टीम आली तर तिला जागा पुरेना. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसून बसावी, तसं चाललं होतं. तिने नको असलेलं सगळं काढून टाकलं, मग हवं असलेलंही थोडं काढलं. शेवटी राहिली ती जुनी आवृत्ती, आतापर्यंत मुकाट काम करणारी. ती पुसली तर परतीची वाट नव्हती. तिने ती पुसली.

फोन वाजला. दादा होता.

"झालं का गं?"

"होतंय."

"बंद करून परत चालू करून बघितलंस?"

तिने फोनकडे नुसतं पाहिलं. "दादा, मी हेच काम करते रे. पोटासाठी."

"तसं नाही, मी आपलं सुचवलं."

फोन ठेवून ती वळली, तर पट्टी नाहीशी झाली होती. तिच्या जागी एक छोटी चौकट आली होती: 'काहीतरी चुकलं. नंतर पुन्हा प्रयत्न करा.'

आई चहा घेऊन आली होती. चष्मा वर सरकवून तिने ते वाचलं.

"काय चुकलं ते नाही का सांगत?"

"नाही."

"बरंय त्यांचं," आई म्हणाली आणि कप ठेवून बाबांची घसरलेली उशी सारखी करायला गेली. उशी नको होती. "हे!" बाबा ओरडले. आईने पंख्याकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, मग पायावरच्या चादरीकडे. चादरच नको होती. ती काढून तिने घडी घातली, शांतपणे, कोपऱ्याला कोपरा लावून.

लॅपटॉपवर तिने पुन्हा सुरुवात केली. डाउनलोड, मग तपासणी, मग पासवर्ड, मग पुन्हा पासवर्ड. चहावर साय धरली. डोळे मिटले की पापण्यांच्या आतही तिला पट्टी दिसत होती. उद्या कामावर हजर व्हायचं होतं. तिथेही सगळे हाच अपडेट करत बसलेले असणार, आणि कुणीतरी तिला विचारणार, तुझं झालं का म्हणून.

उन्हं कलली तेव्हा कधीतरी ते झालं. ना घंटी ना काही, पट्टी संपली आणि पडद्यावर नवं सॉफ्टवेअर उघडलं. तिने ॲप उघडलं तर ओळीच्या ओळी लाल. पण या चुका निदान काय चुकलं ते सांगत होत्या. एकेक करून तिने त्या निस्तरल्या, तार जोडून ॲप टॅबवर चढवलं आणि तो बाबांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी बोट टेकवलं.

"पाणी," दादाचा आवाज म्हणाला.

आई धावलीच. बाबांनी एक घोट घेतला आणि 'पंखा' दाबलं. मग 'उशी'. मग 'बातम्या लाव'. मग पुन्हा 'पाणी'. त्यांचा चेहरा उजळला होता. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं, आणि आई पंख्यापासून टीव्हीपर्यंत, टीव्हीपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या घालत होती.

तिसऱ्यांदा भांडं भरून आणल्यावर आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"यात आणखी एक बटण घालता येईल?"

"येईल की. काय हवंय बाबांना?"

आईने भांडं या हातातून त्या हातात घेतलं. "अगं, बस जरा."

ती बसू लागली, मग तिच्या लक्षात आलं.

"हे बटणावर?"

"हो."

"दादाला आवाज पाठवायला सांगते."

"त्याला नको. तो विचारत बसेल, का म्हणून. तूच म्हण."

तिने मोबाइल तोंडाशी धरला. "अगं आई, बस जरा."

"'आई' काढ. ते काय मला आई म्हणतात?"

"अगं, बस जरा."

"बातम्या दिल्यासारखं नको गं. सहज म्हण."

सहज म्हणजे कसं, हे तिला कळेना. तिने आईकडे पाहिलं. पट्टी बांधलेलं मनगट, पदराला पुसलेले ओले हात, चौकटीला टेकलेली पाठ. पलंगावरून बाबाही तिकडेच पाहत होते. टॅबवरचं बोट थांबलं होतं.

"अगं," ती म्हणाली, "बस जरा."

मोबाइलवरचे सेकंद पुढे सरकत राहिले. रेकॉर्डिंग थांबवायचं तिला सुचलं नाही. बाबांनी डाव्या हाताने आपला लुळा पाय धरला, ओढला आणि भिंतीकडे सरकवला. मग दुसरा पाय. पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

आई आधी भांडं कुठे ठेवावं ते शोधत राहिली. मग ते तसंच हातात धरून जाऊन बसली.